प्रेसिडेंट बदलला की प्रोजेक्ट कुठे जातो? – वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात सर्व्हिस क्लबांवर, म्हणजे रोटरी-लायन्ससारख्या समाजसेवा करणाऱ्या क्लबांवर, छोटंसं टिपण दिलं होतं आणि त्यावर बरीच पत्रं आली, काही नुसत्या चौकशीची, काही चांगलीच चिडलेली. सगळी छापणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम गाळलीत, कारण काही जणांनी स्वतःच्याच क्लबाबद्दल लिहिलंय आणि त्यांना पुढच्या मीटिंगला जायचंय. उत्तरं देणारा स्वतः अशा एका क्लबात बरीच वर्षं आहे, तेव्हा थोडा पक्षपात धरूनच वाचा.

प्रश्न : रोटरी, लायन्स, किवानिस, इनर व्हील... बाहेरून सगळे सारखेच दिसतात. खरंच काही फरक आहे की फक्त कोटावरची पिन वेगळी?

उत्तर : पिन वेगळी आहेच, पण मूळ मात्र जवळपास एकाच काळातलं. १९०५ च्या फेब्रुवारीत शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनीअर आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक अशा तिघांना घेऊन बैठक केली, ती रोटरी. तेव्हा समाजसेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं हो, नवख्या शहरात धंद्यातल्या माणसांची ओळख व्हावी, एकमेकांना कामं मिळावीत, एवढंच. सेवा नंतर आली, आणि पहिलं मोठं सार्वजनिक काम कुठलं माहितेय? शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून १९०७ पासून केलेला पाठपुरावा. त्यालाही विरोध झाला, दारूचे गुत्ते आणि मोठी दुकानं म्हणायला लागली की आमच्याकडे सोय आहे की, वेगळी कशाला हवी. (सोय वापरायला आत आलेला माणूस काहीतरी विकत घेतोच ना.)

किवानिस १९१५ चं, डेट्रॉइटमधलं. लायन्स १९१७ चं, मेल्विन जोन्स या शिकागोतल्या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. इनर व्हील १९२४ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरला, रोटेरियन्सच्या बायकांनी सुरू केलं.

कामाचा कल थोडा वेगळा आहे. किवानिसचा भर मुलांवर, लायन्सचा डोळ्यांवर. त्यामागे १९२५ ची एक घटना आहे, हेलन केलर लायन्सच्या अधिवेशनात आल्या आणि अंधांसाठी उभे राहा असं त्यांनी थेट सभासदांना सांगितलं, आणि त्या मंडळींनी ते खरंच मनावर घेतलं. पुढे १९३० मध्ये अमेरिकेतल्या पिओरियाच्या लायन्स क्लबाच्या एका पदाधिकाऱ्याने एका अंध माणसाला रस्ता ओलांडताना अडकलेलं बघितलं, त्याची काठी काळी होती आणि गाडीवाल्यांना ती दिसतच नव्हती. मग काठीला पांढरा रंग आणि लाल पट्टा देऊन क्लबाने त्या वाटल्या, आणि अशी काठी घेतलेल्या माणसाला आधी वाट द्यायची असा नियम शहराकडून करून घेतला. मला तरी क्लबाच्या कामाचं हे सगळ्यात भारी उदाहरण वाटतं, कारण नुसत्या काठ्या वाटून फोटो काढला असता तर ते तिथेच संपलं असतं, नियम झाला म्हणून काम टिकलं.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. एका क्लबाने आमच्याकडे पाण्याचा प्युरिफायर बसवला, केवढा कार्यक्रम झाला, भाषणं, फोटो, सगळं. वर्षभरात तो बंद पडला. फोन केला तर म्हणतात ते मागच्या प्रेसिडेंटच्या काळातलं. आता प्युरिफायरवर क्लबाची पाटी तेवढी चकचकीत आहे. ही सेवा म्हणायची का?

उत्तर : मॅडम, असं पत्र यायचंच होतं, आणि तुमच्यासारखी अजून तीन आली आहेत, कुठे शिलाई मशिनं, कुठे ई-लर्निंगचा टीव्ही, कुठे झाडं.

रोग कुठे आहे ते सांगतो. रोटरीत वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, प्रेसिडेंट त्या एका वर्षापुरता. लायन्समध्येही साधारण तसंच. यात चांगलं असं की खुर्चीला कोणी चिकटून बसत नाही. वाईट असं की प्रत्येक नव्या प्रेसिडेंटला "माझ्या वर्षातला" प्रोजेक्ट हवा असतो. मागच्याने बसवलेल्या मशिनचा फिल्टर बदलणं हा काही कोणाचा सिग्नेचर प्रोजेक्ट होऊ शकत नाही, त्यात रिबन कापता येत नाही, डिस्ट्रिक्ट गव्हर्नरला (म्हणजे आसपासच्या क्लबांच्या गटाच्या, डिस्ट्रिक्टच्या, प्रमुखाला) बोलावता येत नाही, अवॉर्डच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाही बहुतेक नसतो. मग जून संपला की फाईल सेक्रेटरीच्या घरी, आणि सेक्रेटरीही बदललेला.

आता प्युरिफायरचंच घ्या. मशिन देणं हा सोपा भाग. त्याची फिल्टरची कँडल किंवा कार्ट्रिज किती महिन्यांनी बदलायचं, मेम्ब्रेन (आतला गाळणारा पडदा) कधी जाते, टाकी कोण धुणार, मे महिन्यात शाळा बंद असताना पाणी साचून राहतं त्याचं काय, बिघडलं तर शिपाई कोणाला फोन लावणार, हे सगळं बसवायच्या आधी एका कागदावर यायला पाहिजे आणि त्यावर शाळेची पण सही पाहिजे आणि क्लबाची पण. ज्या क्लबांना कळतं ते मशिनच्या पैशातच पहिल्या काही वर्षांच्या मेंटेनन्सची रक्कम धरतात आणि कामासाठी एक माणूस नेमतात, जो प्रेसिडेंट बदलला तरी बदलत नाही. मी तर म्हणेन कुठल्याही क्लबाची लायकी बघायची असेल तर यावर्षीचा रिपोर्ट बघूच नका, तीन वर्षांपूर्वीचा काढा आणि त्यातली दोन ठिकाणं स्वतः जाऊन बघून या.

तुम्ही आत्ता काय करायचं? तोंडी नको, क्लबाला लेखी पत्र द्या, प्रेसिडेंटच्या नावाने नाही तर पदाच्या नावाने, आणि एक प्रत येणाऱ्या प्रेसिडेंटला पण द्या, त्याची निवड आधीच झालेली असते. पत्रात "प्युरिफायर बंद आहे" एवढंच लिहू नका, कुठला पार्ट गेलाय आणि मेकॅनिकने किती खर्च सांगितलाय ते पण टाका. नवा प्रोजेक्ट शोधत बसलेल्या माणसाला तयार काम मिळालं की तो बऱ्याचदा हो म्हणतो. आणि पुढच्या वेळी कोणी काही द्यायला आलं तर मेंटेनन्सचं आधी विचारा. विचारल्यावर जो नाराज होईल त्याची भेट न घेतलेलीच बरी.

प्रश्न : क्लबवाले "इंटरनॅशनल प्रोजेक्ट" म्हणून मिरवतात. म्हणजे नक्की काय? दुसऱ्या देशात पैसे पाठवतात? आणि इथे कामं पडलेली असताना ते पाठवायचे कशाला?

उत्तर : नुसते पाठवत नाहीत. रोटरीपुरतं सांगतो, कारण तिथली पद्धत मला नीट माहिती आहे. रोटरी फाउंडेशन म्हणून वेगळी संस्था आहे, १९१७ मध्ये आर्च क्लम्फ यांनी कल्पना मांडली आणि पहिली देणगी आली कॅन्सस सिटीच्या क्लबाकडून, २६ डॉलर ५० सेंट! आज त्यातून जी मोठी ग्रँट मिळते तिला ग्लोबल ग्रँट म्हणतात. तिला दोन क्लब लागतात, एक जिथे काम होणार तिथला, दुसरा वेगळ्या देशातला. बजेट किमान ३०,००० डॉलरचं हवं, आणि विषय ठरलेल्या सात क्षेत्रांपैकी हवा, म्हणजे पाणी-स्वच्छता, आजार, माता-बाल आरोग्य, शिक्षण, रोजगार, शांतता आणि पर्यावरण. पर्यावरण अलीकडे घातलं.

सगळ्यात महत्त्वाची अट अशी की अर्जाच्या आधी त्या वस्तीत जाऊन लोकांना काय हवंय याची पाहणी करावी लागते आणि ती अर्जाला जोडावी लागते. ग्रँट संपल्यावर काम कसं चालू राहणार तेही लिहून द्यावं लागतं. काम चालू असेपर्यंत दरवर्षी रिपोर्ट, पूर्ण झाल्यावर दोन महिन्यांत शेवटचा रिपोर्ट. क्लबातल्या निदान एकाला ग्रँटचे पैसे कसे सांभाळायचे याचं ट्रेनिंग घ्यावं लागतं. लोक या कागदपत्रांना वैतागतात, मीही वैतागतो, पण वरच्या मॅडमच्या प्युरिफायरला हेच कागद लावले असते तर तो आज चालू असता.

पैसा येतो कसा तेही जरा बघा. सभासदांनी अॅन्युअल फंडाला दिलेली रक्कम साधारण तीन वर्षं गुंतवून ठेवतात, मग तिचा निम्म्याच्या आसपासचा वाटा त्याच डिस्ट्रिक्टला परत वापरायला मिळतो आणि उरलेला जगभरच्या कामांच्या निधीत जातो. म्हणून दोन देशांतले क्लब आपापल्या डिस्ट्रिक्टचे पैसे घालतात आणि वरून फाउंडेशन भर घालतं. आता "इथलं सोडून तिकडे कशाला" याचं उत्तर, एका क्लबाच्या वर्गणीतून डायलिसिस मशिनं येत नाहीत, दुसऱ्या देशातला पार्टनर मिळाला की येतात, आणि आज जो देणारा आहे तो उद्या घेणारा असू शकतो. पूर, भूकंपात तर हे फार लवकर कळतं. तंबू आणि घरगुती सामानाच्या पेट्या पाठवणारी शेल्टरबॉक्स ही संस्था २००० मध्ये इंग्लंडातल्या एका छोट्या रोटरी क्लबाचा प्रोजेक्ट म्हणून सुरू झाली होती.

परदेशी पाहुणे येतात, शाली-हार होतात, दोन दिवस फिरून जातात, यालाच इंटरनॅशनल म्हणणारे क्लबही आहेत म्हणा. ते सोडून द्या.

प्रश्न : पोलिओ रोटरीने घालवला असं मेंबर सांगतात. आशाताई उन्हात फिरल्या, सरकारने लस दिली, आणि श्रेय यांना?

उत्तर : "रोटरीने घालवला" असं कोणी म्हणत असेल तर ते चूकच. पण "रोटरीने काहीच केलं नाही" हेही तितकंच चूक.

१९७९ मध्ये फिलिपीन्समध्ये रोटरीने मुलांना पोलिओ डोस देण्याचा प्रकल्प घेतला, १९८५ मध्ये पोलिओप्लस मोहीम सुरू केली, आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, अमेरिकेची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था आणि रोटरी असं मिळून जगभरची मोहीम उभी राहिली. तेव्हा वर्षाला साधारण साडेतीन लाख मुलं सव्वाशे देशांत लुळी पडत होती. जगातून पोलिओ घालवायचा हे स्वप्न बोलून दाखवणं, सरकारांच्या मागे लागून पैसा काढणं, स्वतः पैसा उभा करणं, हे रोटरीचं काम. भारतात बूथवर बसणं, रॅली काढणं, ज्या वस्त्यांमध्ये लसीबद्दल संशय होता तिथल्या धर्मगुरूंना सोबत घेणं, हेही केलं.

पण घरोघर जाऊन काम केलं ते आरोग्यसेविकांनी, अंगणवाडी ताईंनी आणि आशांनी. खांद्याला बर्फाच्या पॅकचा लसीचा डबा, हातात खडू. डोस दिला की मुलाच्या डाव्या करंगळीला शाई, घराच्या भिंतीवर पी, आणि मूल घरी नसेल किंवा आईबाप नाही म्हणाले तर एक्स, म्हणजे त्या घरी परत जायचं. कुपीवर एक गोल आणि आत चौकोन असतो, चौकोन काळपट होत होत गोलाच्या रंगाचा झाला की लस उष्णतेने गेली समजायचं आणि कुपी टाकायची. हे सगळं लाखो घरांसाठी, वर्षातून कितीतरी वेळा. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा, आणि २७ मार्च २०१४ ला भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओचा जंगली (म्हणजे लसीतून न आलेला, मूळचा) विषाणू पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात अजून आहे, म्हणून काम चालू आहे.

आणि मला यात आवडतं ते श्रेयबिय नाही, १९८५ पासून इतके प्रेसिडेंट बदलले, प्रत्येकाचं वर्ष वेगळं, घोषवाक्य वेगळं, पण हा प्रोजेक्ट कोणी "मागच्याचा" म्हणून सोडून दिला नाही. जमतं म्हणजे! स्थानिक क्लबांनी तेवढं शिकावं.

प्रश्न : बायकांना मेंबर व्हायला बंदी होती हे खरं का?

उत्तर : अगदी खरं. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते रोटरी क्लबाने १९७७ मध्ये तीन महिलांना घेतलं तर रोटरीने त्यांचा चार्टरच, म्हणजे क्लबाची मान्यताच, काढून घेतली. ते कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने क्लबाच्या बाजूने निकाल दिला. लायन्स आणि किवानिसने त्याच वर्षी दार उघडलं, रोटरीने जगभरासाठी १९८९ मध्ये नियम बदलला. रोटरीला पहिली महिला जागतिक अध्यक्ष मिळाली २०२२-२३ मध्ये, जेनिफर जोन्स, म्हणजे स्थापनेनंतर ११७ वर्षांनी. लायन्सने त्याआधी, २०१८-१९ मध्ये, आइसलंडच्या गुद्रुन इंग्वादोत्तिर यांना निवडलं होतं.

प्रश्न : मित्राने क्लबात बोलावलंय. पैसे आणि वेळ किती जातो? आणि फसायला नको म्हणून काय विचारू?

उत्तर : आधी पाहुणा म्हणून दोन-तीन मीटिंगा करा, सगळे क्लब येऊ देतात. पूर्वी दर आठवड्याची हजेरी फार कडक होती, २०१६ नंतर रोटरीने क्लबांना बरीच मोकळीक दिली, काही क्लब महिन्यातून दोनदाच भेटतात, काही ऑनलाइन. वर्गणी क्लबागणिक वेगळी, तिच्यातला काही भाग वर आंतरराष्ट्रीय ऑफिसला जातो. देणगी ऐच्छिक असते, पण सगळ्यांसमोर नाव पुकारून विचारलं की ऐच्छिकचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून किती देणार ते घरूनच ठरवून जा.

आणि ट्रेझररला गाठून एकच विचारा, क्लब चालवायच्या खर्चाचं आणि सेवेच्या पैशाचं खातं वेगळं आहे का. लायन्समध्ये तर लोकांकडून जमवलेला पैसा लोकांच्याच कामाला लागला पाहिजे, जेवणावळी आणि बॅनर वर्गणीतून, असा नियमच आहे. ट्रेझररने दोन पासबुकं काढून दाखवली तर बिनधास्त फॉर्म भरा. "आपलं सगळं एकातच असतं हो" म्हणाला, तर मित्राला सांगा, पुढच्या वर्षी बघू.