दादाचं सुडोकू आणि तुझी वही

टी.वाय.बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या नाशिकच्या एका मुलीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाली आहे, छापत नाही. हकिगत अशी: १४ महिन्यांपूर्वी तिचा मोठा भाऊ आडगावजवळ मोटरसायकलवरून पडला. हेल्मेट होतं, पण हँडलला लटकवलेलं. ११ दिवस आयसीयूत काढले. आज हातपाय धड आहेत, स्कॅनमध्ये काही दिसत नाही, भेटायला येणारे 'देवाने वाचवलं' म्हणून चहा पिऊन जातात. पण पिंपळगावला कांद्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेब सांभाळणारा हा मुलगा आता सकाळी दिलेली पावती दुपारी विसरतो, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावतो आणि विचारलं की 'मला काय झालंय?' म्हणून उलटतो. बहीण रोज संध्याकाळी त्याच्याकडून सुडोकू सोडवून घेते. वेळ वहीत लिहिते. ४० मिनिटांवरून तो १२वर आलाय. मेंदूला इजा झाल्यावर माणूस कसा सावरतो, यावरच तिला संशोधन करायचंय. वडील बी.एड. कर म्हणतात. ती विचारते, 'मी भावनेच्या भरात निर्णय घेतेय का?'

हो, घेतेयस. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मित्राने कॉमर्स घेतलं म्हणून आपणही घेणारी मुलं मी रोज बघतो, त्यांच्यापेक्षा तुझं कारण वजनदार आहे. मला काळजी वाटली ती त्या वहीची.

४०चे १२ झाले म्हणजे सुडोकूने मेंदू सुधारला, असं तू धरून चालली आहेस. पण डोक्याला मार लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, पुढे वर्ष-दोन वर्षं ती सावकाश चालू राहते. काहीही न करता दादा किती सुधारला असता? तुझ्या वहीत याचं उत्तर नाही, कारण सुडोकू न सोडवणारा दुसरा दादा तुझ्याकडे नाही. कंट्रोल ग्रुप म्हणतात तो हाच. शिवाय रोज त्याच प्रकारचं कोडं घातलं तर कुणाचाही हात बसतो, तुझा आणि माझाही. आणि समजा सुधारणा खरी आहे. मग दुकानातली बिलं जुळवताना ती दिसते का? सुडोकूत पटाईत झालेला माणूस सुडोकूत पटाईत होतो, हिशेबात होईलच असं नाही. या क्षेत्रातले अनेक 'ब्रेन ट्रेनिंग'वाले नेमके इथेच घसरतात.

हे मी तुझा हिरमोड करायला लिहीत नाही. डोक्याला मार लागून मेंदूत सूज आली की स्टिरॉइड द्यायची, ही पद्धत कित्येक दशकं चालत होती. इतर आजारांत सूज उतरते, मग इथेही उतरेल, हा तर्क पटण्यासारखाच. दिलेले रुग्ण बरे होतानाही डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिले होते. मग १०,००० रुग्णांवर 'क्रॅश' नावाची चाचणी झाली. २००४ साली निकाल आला, तेव्हा स्टिरॉइड दिलेल्यांमध्ये मृत्यू जास्त निघाले. डोळ्यांनी पाहिलेल्यावर किती विसंबायचं, ते यावरून ठरव. ज्या उपायावर आपला जीव जडलाय तोच मोजायचा, आणि तो फोल ठरला तर तसं लिहायचं. हे जमेल का, एवढाच प्रश्न स्वतःला विचार. मार्कांचा प्रश्न नंतरचा.

तुझी नजर मात्र चांगली आहे. 'तो चिडतो त्यापेक्षा त्याला आपण चिडलोय हे कळत नाही, याची जास्त भीती वाटते,' असं तू लिहिलंयस. हा हट्ट नसतो. कवटीचा पुढचा तळ आतून खडबडीत असतो. जोरात धक्का बसला की मेंदूचा पुढचा आणि कानशिलामागचा भाग त्यावर घासला जातो, आणि स्वतःला आवरणं, बेत आखणं, स्वतःच्या चुका ओळखणं ही कामं बरीचशी पुढच्याच भागाची. त्यातून मेंदूतले बारीक तंतू ताणले-तुटले असतील तर साध्या सीटी स्कॅनमध्ये ते बहुतेकदा दिसत नाहीत. स्कॅन चांगला आणि माणूस बदललेला, ही गाठ समजून घेण्यासाठीच न्यूरोसायकॉलॉजी, म्हणजे मेंदू आणि वागणं यांचा संबंध शोधणारी शाखा आहे.

तुझ्या पुस्तकात फिनिअस गेज असेलच. १८४८ साली अमेरिकेत सुरुंग ठासताना लोखंडी पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली, तो वाचला, पण स्वभाव पालटला. पुस्तकं बहुधा इथेच थांबतात. पुढे त्याने चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकली, म्हणजे ठरलेल्या वेळा आणि ठरलेला रस्ता असलेलं काम सांभाळलं, हे फारसं कुणी शिकवत नाही. तुला ज्यात रस आहे ती गोष्ट या दुसऱ्या भागातली आहे.

आणि काम आपल्याकडेच पडलंय. ट्रेल मेकिंग या प्रसिद्ध चाचणीच्या दुसऱ्या भागात आकडे आणि इंग्रजी अक्षरं आळीपाळीने जोडायची असतात. निफाडच्या ज्या शेतकऱ्याला द्राक्षाचे भाव तोंडपाठ आहेत पण एबीसीडी येत नाही, तो त्यात नापास होणार. दोष मेंदूचा की शाळेचा? बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेने २००४ साली स्वतःचा चाचणीसंच काढला, तेव्हा अक्षरांऐवजी रंगांची चाचणी घेतली आणि वय-शिक्षणाप्रमाणे तुलनेचे आकडे वेगळे दिले. मराठीत अशा कामाला अजून भरपूर जागा आहे.

आता रस्ता. बहुतेक वाटांना एम.ए. मानसशास्त्र लागतं, त्यामुळे आज सगळं ठरवायची गरज नाही. पुढे दोन फाटे फुटतात. रुग्णांची तपासणी आणि पुनर्वसन करायचं असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलची म्हणजे आरसीआयची नोंदणी हवी. ती देणारी एम.फिल. आता मावळतीला आहे, यूजीसीने क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६पर्यंत मुदत दिली होती. तुझी वेळ येईल तेव्हा पदवीचं नाव काहीही असो, आरसीआयच्या यादीत त्या संस्थेचा तो अभ्यासक्रम आहे का, तेवढं बघ. निमहान्स आणि रांची, तेजपूर इथल्या मानसिक आरोग्याच्या केंद्रीय संस्था ही जुनी ठिकाणं. सहा रविवारांत 'न्यूरोसायकॉलॉजिस्ट' करून देणाऱ्या जाहिराती मोबाइलवर येतील, त्यांना पैसे देऊ नकोस. दुसरा फाटा शुद्ध संशोधनाचा. आयआयटी गांधीनगरला कॉग्निटिव्ह सायन्सची एम.एस्सी. आहे, हैदराबाद विद्यापीठातही या विषयाचं केंद्र आहे. एम.ए. करूनही नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती काढून पीएच.डी.ला जाता येतं. जेआरएफ मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, हे वडिलांना सांग. बी.एड.ची गोष्ट काही दिवस तरी मागे पडेल.

तोपर्यंत संख्याशास्त्र. टी.वाय.ला हा पेपर कसाबसा काढून मोकळं व्हायची रीत आहे, तू तसं करू नकोस. इथे आपली मुलं अडतात ती मेंदूच्या भागांची नावं पाठ नसल्यामुळे नव्हे, प्रमाण विचलन म्हणजे काय हे सांगता न आल्यामुळे.

आणि दादा. त्याची रीतसर न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी झालेली दिसत नाही. उपचार केलेल्या न्यूरोसर्जनकडे पुन्हा जा आणि याच शब्दांत मागा. १४ महिने झाले म्हणून उशीर झालाय असं नाही. दुकानाच्या मालकाला सांगून एका वेळी एकच काम आणि प्रत्येक पावतीची लगेच वहीत नोंद, एवढी सवय लावता आली तर पाहा. हरवलेली आठवण परत आणण्यापेक्षा तिच्याभोवतीने वाट काढणं पुष्कळदा जास्त उपयोगी पडतं. चाचण्या मात्र तू घेऊ नकोस. पुढे शिकलीस तरी त्याच्यावर नाही.

सुडोकू चालू ठेव, त्याला ते आवडतं असं तूच लिहिलंयस. घड्याळ तेवढं बाजूला ठेव.