सोलापुरी चादर स्ट्रोलरवर नको

फ्लोरिडातल्या टँपाहून एका सुनेचं पत्र आलंय. माहेर-सासर दोन्ही सोलापूरचं, बाळ सात महिन्यांचं, सासू-सासरे पहिल्यांदाच अमेरिकेत. जुलैतल्या एका शनिवारी सगळे ऑर्लँडोच्या सी वर्ल्डला, समुद्री प्राण्यांच्या पार्कला, निघालेत. ती लिहिते, "काकू, आई म्हणतात, आपण मे महिन्यात 43-44 अंश सोसलेली माणसं, इथलं 33 म्हणजे काहीच नाही. बाळाला ऊन लागू नये म्हणून त्यांनी आणलेली चादर स्ट्रोलरवर टाकू, आत अंधारात छान झोपेल. चालेल ना?"

नाही चालणार. तू पाच प्रश्न विचारलेस, पण आधी हा एकच निस्तरू.

चादर उत्तम आहे, चाटी गल्लीतून पारखून आणली असणार, आणि भौगोलिक मानांकन काही उगीच मिळालेलं नाही. पण ती जाड सुताची, घट्ट विणीची, थंडीत ऊब धरून ठेवण्यासाठी केलेली. स्ट्रोलरवर टाकलीस की तेच काम ती जुलैच्या उन्हात करणार. बाळाच्या अंगाची उष्णता आणि श्वासाची वाफ आतच अडकते, वारा फिरत नाही, कापड वरून तापतं आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम होते. पातळ मलमलही कोरडी टाकून चारी बाजू बंद केल्या तर हेच होतं, फक्त थोडं कमी. आणि बाळ दिसत नाही ते वेगळंच. चेहरा लाल झालाय की मान पुढे झुकून श्वास अडतोय, हे चादरीआड कोणाला कळणार? शांत आहे म्हणजे झोपलंय, असं धरून सगळे पुढे चालत राहतात. माझी लेक डॅलसला असते. तिच्या घरी बाबागाडीवर काही टाकायचं नाही हा नियम आहे, आणि तिथेही आजीबाई म्हणजे मीच.

आता सासूबाईंचा 44 चा हिशोब. (त्यांना वाचून दाखव, माझं नाव सांगून.) सोलापूरचा मे कोरडा असतो. घाम आला की उडतो आणि अंग गार होतं. आपल्याकडचा कूलर एप्रिल-मेमध्ये जीव वाचवतो आणि पावसाळ्यात नुसता चिकचिकाट करतो, ते ह्याच कारणाने. फ्लोरिडाचा जुलै म्हणजे तो पावसाळ्यातला कूलर. हवेत आधीच इतकी वाफ की घाम अंगावरच राहतो. त्यात तान्ह्या बाळाचं अंग मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. आजोबांना सोसवतंय म्हणून नातवाला सोसवेल, हा हिशोब सोडा.

मग करायचं काय? स्ट्रोलरचं स्वतःचं छत पूर्ण पुढे ओढ, मागची जाळीची खिडकी उघडी ठेव. तिरकं ऊन येत असेल तर त्या एकाच बाजूला जुन्या सुती साडीचा पातळ तुकडा चिमट्याने लाव. समोरची आणि दुसरी बाजू मोकळीच हवी. तुकडा ओला करून पिळून लावलास आणि बॅटरीवरचा जाळीबंद पंखा जोडलास तर आत खरोखर गार होतं. पण दर 15-20 मिनिटांनी कापड पुन्हा भिजवावं लागतं, आणि पंख्याशिवाय तिथल्या दमट हवेत ओल्या कापडाचा फारसा उपयोग नाही. पंखा बाळाच्या बोटांना पोचणार नाही असा लाव. सोलापुरी टॉवेल ह्या कामाला घेऊ नकोस, तो पाणी पिऊन जड होतो आणि वारा अडवतो.

विश्वास बसत नसेल तर आदल्या दिवशी अंगणात करून बघा. रिकामा स्ट्रोलर उन्हात ठेवा, साधा डिजिटल थर्मामीटर बसायच्या जागी ठेवा. पंधरा मिनिटं उघडा, पंधरा मिनिटं चादर टाकून. आकडा सासूबाईंनाच वाचू दे.

गेट उघडताच आत जा. बाहेरचं सगळं साडेअकरापर्यंत उरकून भर दुपारी काचेच्या टाक्यांकडे वळा. सात महिन्यांच्या बाळाला लांबच्या शोपेक्षा नाकासमोरून सरकणारा मासा जास्त कळतो. उन्हाळ्यात तिथे दुपारी विजा-पाऊस येतो आणि उघड्यावरचे शो थांबतात, म्हणून परतायची वेळ दोनची धरा.

ऊन बाधतंय का, ते हातपाय बघून कळत नाही. मानेची मागची बाजू आणि छाती चाचप. अंग तापलंय, बाळ मलूल आहे, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेलीय, सहा तासांत डायपर ओला नाही, ह्यातलं काहीही दिसलं तर लगेच एसीत न्या, कपडे काढा, कोमट पाण्याने अंग पुसा, अंगावर पाजा आणि पार्कच्या प्रथमोपचार केंद्रात दाखवा. बर्फ लावायचा नाही. बाळ जागंच होत नसेल तर सरळ 911.

आता तुझे बाकीचे प्रश्न, थोडक्यात.

खाणंपिणं: आईचं दूध वारंवार, पाणी दिवसभरात 120 ते 240 मिली, घोट घोट. कालवलेलं पावडरचं दूध दोन तासांत संपवायचं, बाळाने तोंड लावलेलं तासाभरात टाकून द्यायचं. बाहेर 32 अंशांच्या वर असेल तर मऊ भात तासाभराहून जास्त ठेवायचा नाही, तेव्हा बर्फाच्या पिशव्यांसह थंड डब्यात ने. गुटीत मध असेल तर गुटी घरीच ठेव. वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही.

"बाबांसमोर पाजायला संकोच वाटतो." अगं, फ्लोरिडात 1993 पासून कायद्याने कुठेही पाजता येतं आणि बाबांना दुसरीकडे बघता येतं. ओढणी घेतलीस तरी बाळाचं नाक मोकळं राहू दे, वारा तिथेही लागतो.

सनस्क्रीन: सहा महिने झालेत, तेव्हा झिंक ऑक्साइडचं, 30 एसपीएफ किंवा जास्त. आधी मनगटावर थोडं लावून बघ, मग निघण्याआधी 15 मिनिटं आणि पुढे दर दोन तासांनी.

शोच्या पुढच्या रांगांत थंड खारं पाणी उडतं, म्हणून वरच्या रांगेत, सावलीत, बाहेर पडायच्या वाटेजवळ बसा. स्पीकरचा आवाज मोठा असतो, बाळाच्या कानांवर आवाज अडवणारे मफ लावा. तिथल्या चपट्या 'रे' माशांना हात लावलेल्या प्रत्येकाने साबणाने हात धुऊनच बाळाला घ्यायचं, आजोबांनीसुद्धा. व्हेल बंदिस्त ठेवणं तुला पटत नाही, ते मला कळतं. सी वर्ल्डने 2016 मध्ये ओर्कांचं, म्हणजे किलर व्हेलचं, प्रजनन थांबवलं. पुढचं तुम्ही दोघं ठरवा.

चादर न्यायचीच असेल तर पेंग्विनच्या दालनासाठी न्या, तिथे कडाक्याची थंडी असते. घामेजलेलं झबलं आधी बदल, मग बाळाला कडेवर घेऊन पाठीवरून चादर ओढ, चेहरा उघडा ठेवून.

परत निघताना कारची दारं उघडून पाच मिनिटं एसी चालू ठेव. बाळाला बसवण्याआधी कारसीटच्या बकलला स्वतःचा हात लावून बघ, उन्हात ठेवलेल्या धातूचा चटका मांडीला बसतो.