स्पोर्ट्स मार्केटिंगमध्ये करिअर करायचं तर काय यायला हवं?

म्हापशात राहून या फील्डमध्ये शिरायचं तर कुठली स्किल्स लागतील, असं विचारलंयस. माझ्या मते सगळ्यात आधी विकता आलं पाहिजे. खेळाची आवड सगळ्यांनाच असते रे, पण एखाद्या कंपनीला आमच्या जर्सीवर नाव टाका म्हणताना तिला त्यातून काय मिळणार, मॅचला किती लोक येतात, कुठल्या वयाचे, त्यातले तुमचे गिऱ्हाईक कोण, हे आकड्यांत दाखवावं लागतं, म्हणून एक्सेल आणि सोशल मीडियाचे रिपोर्ट वाचता येणं मस्टच.

२०२०-२१ चा आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा, अख्खा सीझन गोव्यातच झाला, फातोर्डा, बांबोळी, वास्को, पण कोविडमुळे प्रेक्षकांविना. तिकीटविक्री नाही, स्टँडमधला आवाज नाही, फॅन धरून ठेवायचे ते फक्त टीव्ही आणि मोबाईलवर. एफसी गोवा या इथल्या क्लबच्या तेव्हाच्या पोस्ट शोधून बघ, खूप शिकायला मिळेल.

कोकणी, मराठी, इंग्लिश तिन्हीत चटपटीत लिहिता यायला हवं. व्हिडिओ एडिटिंग बेसिक चालेल. डिग्री नंतर बघ, आधी गावातल्या एखाद्या फुटबॉल टुर्नामेंटला दोन स्पॉन्सर मिळवून दे आणि संपल्यावर त्यांना फोटो, आकड्यांसकट रिपोर्ट पाठव, इंटरव्ह्यूला तोच दाखवायचा.