मुदत ठेव मोडून दुर्बीण घ्यावी का?

तुमचं पत्र थोडक्यात असं: घरामागच्या अंगणातून काही महिने जुन्या डीएसएलआरने आकाशाचे फोटो काढताय. आता मोठी दुर्बीण आणि कूलिंगवाला (सेन्सर थंड ठेवणारा) कॅमेरा खुणावतोय. त्यासाठी अडीअडचणीला ठेवलेली मुदत ठेव मोडावी, की हप्त्यांवर घ्यावं?

दोन्ही नको. ती ठेव घरखर्चाची आहे, छंदाची नाही. आणि हप्ता या छंदाला शोभत नाही. पौर्णिमेच्या मागेपुढे अंधूक तेजोमेघ चांदण्यात बुडतात, उरलेल्या रात्रींतल्या कितीतरी ढग खातात. हप्ता मात्र ढग बघून थांबत नाही. गेल्या तीन महिन्यांत कॅमेरा खरोखर किती रात्री बाहेर काढलात ते मोजा, वर्षाच्या रात्रींसाठी त्याची चौपट करा आणि खरेदीच्या रकमेला त्याने भागा. एका रात्रीचा भाव समोर येईल.

बरं, पैसे हाताशी असते तरी मी दुर्बिणीपासून सुरुवात करू नका म्हटलं असतं. आकाश तासाला १५ अंश सरकतं. तुमच्या ५० मिमी लेन्सला क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) साध्या ट्रायपॉडवरून जेमतेम ६-७ सेकंद मिळतात, पुढे तारे लांबट होतात. ६०० मिमीच्या दुर्बिणीला अर्धा सेकंद! म्हणजे आकाशासोबत फिरणारा आधार, म्हणजेच माउंट, नसेल तर ती दुर्बीण फोटोसाठी शोभेचीच. म्हणून पहिला खर्च छोट्या ट्रॅकरचा (कॅमेरा आणि लेन्स पेलणारा छोटा माउंटच तो), तोही चालेल तर वापरलेला. माउंट आणि लेन्स विकताना बऱ्यापैकी किंमत धरतात. कॅमेरा मात्र नवं मॉडेल आलं की उतरतो.

तोवर आहे त्याच कॅमेऱ्याने मृगातला तेजोमेघ घ्या. ६ सेकंदांचे २०० फोटो म्हणजे २० मिनिटांचा प्रकाश. डीपस्कायस्टॅकर हे फोटो एकावर एक रचणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात एकत्र करा. फोटो चौपट केले की नॉइज (फोटोतली दाणेदार खरखर) निम्मा होतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. शेजारच्या दिव्याआड एक पुठ्ठा उभा करा. लाइट पोल्यूशन फिल्टरची घाई नको: पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, दीर्घिकांच्या फोटोला तो फिल्टर फारसा कामी येत नाही.

दरमहा झेपेल तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत चला. ट्रॅकरपुरती जमली की घ्या. उरलेल्यात लेन्सभोवतीची हीटरपट्टी बसवा. दव धरलं की अर्ध्या रात्रीचे फोटो धुरकट येतात, आणि ते सकाळीच कळतं.