वाचकांचे प्रश्न: शेती औषधांचं गोदाम दुसऱ्याच्या हाती देताना

मृग तोंडावर आला की कृषी निविष्ठा विक्रेत्यांची पत्रं वाढतात. या खेपेच्या बहुतेक पत्रांत एकच अडचण आहे. स्वतःचं गोदाम अपुरं पडतं, म्हणून हंगामाचा माल लॉजिस्टिक्सवाल्याकडे ठेवायचा आणि त्याच्याच गाड्यांनी कृषी सेवा केंद्रांना पोचवायचा.

प्रश्न: माझ्याकडे कीटकनाशकांच्या घाऊक विक्रीचा परवाना आहे. त्यावर दुकान आणि मागची खोली एवढीच जागा दाखवली आहे. दोन महिन्यांपुरता साठा एमआयडीसीतल्या एका लॉजिस्टिक्स कंपनीच्या गोदामात ठेवला तर चालेल का? माल तर माझाच आहे. (अकोला)

माल तुमचा आहे, पण ती जागा परवान्यावर नाही. कीटकनाशक अधिनियम १९६८ च्या कलम १३ नुसार विक्रीसाठी साठा करायला आणि वितरण करायलाही परवाना लागतो, आणि परवाना जागेला बांधलेला असतो. ‘दोनच महिने’ अशी सवलत त्यात नाही. माल येण्याआधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात अर्ज करून ते गोदाम परवान्यात घालून घ्या. भाडेकरार किंवा संमतीपत्र, जागेचा नकाशा आणि ज्या कंपन्यांचा माल तिथे राहणार त्यांची उगम प्रमाणपत्रं (माल विकायला कंपनीने दिलेली अधिकृत पत्रं) तयार ठेवा. लॉजिस्टिक्सवाला सी अँड एफ (कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणारा एजंट) म्हणून स्वतःच्या नावाने बिलं करणार असेल, तर परवाना त्याचाही हवा.

करारात एक कलम आग्रहाने घाला: लेखी संमतीशिवाय माल दुसऱ्या गोदामात हलवायचा नाही. जूनमध्ये जागा कमी पडली की हे लोक शेजारच्या शेडमध्ये थप्प्या लावतात, आणि तुम्हाला ते कळतं निरीक्षक येऊन गेल्यावर.

प्रश्न: गोदाम पत्र्याचं आहे. मागच्या मे महिन्यात काही इसी औषधांच्या बाटल्या फुगल्या, झाकणापाशी ओल आली, आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या पिशव्यांत गाठी झाल्या. हा माल विकावा का? या वर्षी थप्पी कशी लावावी? (यवतमाळ)

आधी माल. इसी म्हणजे तेलासारख्या द्रावकात विरघळवलेलं औषध. उष्णतेने द्रावक प्रसरण पावतो, वाफ धरते, बाटली फुगते आणि झाकणाखालचं सील सुटतं. सील सुटलेली बाटली विकू नका, बाजूला काढून कंपनीला कळवा. सील शाबूत पण शंका आहे, तर त्या बॅचची एक बाटली फोडून ५ मिली औषध ९५ मिली पाण्यात टाका, ढवळा आणि अर्धा तास ठेवा. एकसारखं दुधाळ राहिलं तर इमल्सिफायर, म्हणजे तेल पाण्यात मिसळून ठेवणारा घटक, टिकला आहे. वर तेलाचा तवंग किंवा तळाशी साय बसली तर तो माल पंपात नळी तुंबवेल आणि पानावर डाग पाडेल. ही परीक्षा निम्मीच आहे. मूळ घटकाचं प्रमाण घटलं असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. मॅन्कोझेबच्या गाठी म्हणजे ओलावा शिरला. ओल आणि उष्णता एकत्र आली की ही पावडर विघटित होते आणि मोठ्या ढिगात आतून तापतेही. गाठी फोडून पुन्हा पिशवीत भरण्याचा उद्योग कुणी सुचवला तरी करू नका.

आता थप्पी. गोदामात सगळ्यात तापलेली जागा पत्र्याखाली, थप्पीच्या माथ्यावर असते. म्हणून थर्मामीटर वॉचमनच्या टेबलावर नको, वरच्या खोक्याच्या उंचीवर टांगा आणि दुपारी तीनचा आकडा रोज लिहायला सांगा. तिथे ३५ ते ४० अंशांच्या वर पारा राहत असेल तर थप्पीची उंची कमी करणं हा सर्वात स्वस्त उपाय. दोन मीटरच्या वर जाऊ नका. पत्र्याला पांढरा परावर्तक रंग आणि माथ्यावर फिरते व्हेंटिलेटर यांनीही फरक पडतो. उजेडासाठी बसवलेल्या पारदर्शक पत्र्याखाली मात्र काहीच ठेवू नका. दुपारी उन्हाचा पट्टा सरकत जातो, आणि तो ज्या खोक्यांवर पडतो तीच आधी फुगतात.

द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. फक्त वरच्या खिडक्या उघड्या ठेवून ती जात नाही, खालीही जाळीचे झरोके हवेत. खोकी पॅलेटवर, जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर. भिंतीपासून निदान ६० सेंटिमीटर जागा सोडा, म्हणजे माणूस मागे जाऊन गळती पाहू शकेल. द्रव माल खाली, पावडर आणि दाणेदार वर. उलटं केलं तर एक गळकी बाटली खालच्या वीस पिशव्या भिजवते. दाराला साधारण १५ सेंटिमीटरचा उंबरा बांधून घ्या. सांडलेलं बाहेर जायला नको आणि पावसाचं पाणी आत यायला नको. गोदामाच्या आतलं गटाराचं तोंड बुजवा.

तणनाशकं वेगळ्या कोपऱ्यात, शक्य तर वेगळ्या खोलीत. २,४-डीचा एस्टर प्रकार उडून जाणारा आहे आणि कपाशी त्याला फार हळवी. त्याच छपराखाली बियाण्याच्या पिशव्या ठेवणं म्हणजे तक्रारींना आमंत्रण. आणखी एक जोडी सहज चुकते: गंधक ८० टक्के आणि १३:००:४५. हे विद्राव्य खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आग भडकवणारं. गंधक आणि इसी या दोन्हींपासून ते लांब हवं.

प्रश्न: गाडी औषधं टाकून परत येताना हरभरा भरते. भाडं निम्मं पडतं. यात काही अडचण? (लातूर)

अडचण आहे. कीटकनाशके नियम १९७१ च्या नियम ३५ प्रमाणे औषध खाद्यपदार्थांच्या किंवा पशुखाद्याच्या थेट संपर्कात येईल अशी वाहतूक वा साठवण करता येत नाही. गळक्या पेटीमुळे धान्यात औषध मिसळलं, तर सक्षम अधिकाऱ्याने तपासल्याशिवाय ते धान्य लोकांपर्यंत जाता कामा नये. परतीच्या फेरीत वरवर औषध नसतं, पण फळ्यांच्या फटीत मुरलेलं असतं. त्यातून ताडपत्री तीच, दोरखंड तेच. परतीला सिमेंट, पाइप, खत काहीही भरा. धान्य, पेंड आणि सरकी नको.

प्रश्न: वाटेत ड्रम फुटला तर भुर्दंड कुणाला? (नाशिक)

पैशांचं विमा आणि करार ठरवतील. गळती आवरून विषबाधा आणि माती-पाण्याचं प्रदूषण रोखण्याची जबाबदारी मात्र त्याच नियम ३५ ने वाहतूक करणाऱ्यावर किंवा गोदाममालकावर टाकली आहे. म्हणून गाडीत कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा दोन गोण्या, फावडं, रबरी हातमोजे, जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि कोरड्या पावडरचा अग्निशामक हवाच. चालकाच्या खिशात ट्रेम कार्ड, म्हणजे वाटेत अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं कार्ड, मराठीत हवं. सांडलेल्यावर पाणी मारू नका, ते विहिरीपर्यंत जातं. वाळूने कड बांधायची, भुशात शोषून घ्यायचं, भरून लेबल लावायचं.

प्रश्न: कोणता माल आधी पाठवावा? एकदम मागणी आली की गाड्या मिळत नाहीत. (वाशीम)

पिकाच्या दिवसांवरून मोजा. सोयाबीनमध्ये पेंडिमेथॅलीन पेरणीनंतर ४८ तासांत, उगवणीआधी पडायला हवं. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाला की सगळं गाव एकाच आठवड्यात पेरतं, तेव्हा गाडी शोधून उपयोग नाही. हे तणनाशक मेअखेर केंद्रावर पोचलेलं असावं. इमॅझेथापायर १० टक्के हे उगवणीनंतरचं तणनाशक पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, म्हणजे त्याला दोन आठवडे हातात मिळतात. एकरी ४०० मिली धरलं तर ५०० एकरांना २०० लिटर, म्हणजे लिटरच्या दहा बाटल्यांच्या २० पेट्या. यातली निम्मी आधी द्या, उरलेली पेरणीचा आकडा कळल्यावर. कपाशीवरच्या रसशोषक किडींची औषधं एवढ्या आधी दुकानात कोंबायची गरज नाही.

ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटी पोर्टलवर काढायचा परवाना, विसरू नका. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांवरच्या मालाला लागतं आणि २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. पाच गावांना माल टाकणारी गाडी पावसात अडकली तर मुदत वाढवून घ्यावी लागते.

प्रश्न: हंगाम संपल्यावर उरलेला आणि मुदत गेलेला माल गोदामवाला ‘कोपऱ्यात पडू द्या’ म्हणतो. (परभणी)

पडू देता येत नाही. कीटकनाशके नियमांतल्या नियम १० अ प्रमाणे मुदत संपताच तो माल वेगळा काढून त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारायचा आणि ‘मुदतबाह्य कीटकनाशके’ असा ठळक फलक लावलेल्या स्वतंत्र जागेत ठेवायचा. गोदाम भाड्याचं असलं तरी ती जागा आखून घ्या. खरं तर वेळ तिथवर येऊच नये. माल आत घेताना बिलावर बॅच आणि मुदतीची तारीख असल्याशिवाय उतरवून घेऊ नका, आणि आधी आलेला नव्हे, आधी संपणारा माल आधी बाहेर काढा. परतीच्या अटी कंपनीगणिक वेगळ्या असतात, त्या मेमध्येच लेखी घ्या. ऑक्टोबरमध्ये केंद्रांवरून परत येणाऱ्या पेट्या उघडून मोजा. फाटक्या लेबलाची बाटली कंपनी घेत नाही, आणि पेटी न उघडता सही केली असेल तर ती बाटली तुमच्या खात्यावर.