आल्टाच्या कातळावरच्या चित्रांचा लाल रंग मूळचाच आहे का?

नाही हो, मूळचा नाही. तुम्ही विचारलंय की उत्तर नॉर्वेतल्या आल्टाच्या काही फोटोंत रेनडिअर लालभडक दिसतात आणि काहींत नुसता राखाडी दगड, तर खरं कुठलं. फोटो दोन्ही खरे, पण लाल रंग विसाव्या शतकातल्या लोकांनी भरलाय. दगडात कोरलेली ही चित्रं १९७३ला सापडली, मग बघायला लोक यायला लागले, आणि रेघा इतक्या उथळ की भर दुपारी समोर उभं राहूनही काही म्हणता काही दिसत नाही, म्हणून दिला रंग भरून. स्वीडनमध्येही करायचे हे.

घोळ असा की रंगवणाऱ्याला जी रेघ दिसली तीच कायम झाली. दगडाची भेग कुठली आणि कोरलेला पाय कुठला हे ब्रशवाला ठरवणार, त्याच्या नजरेतून सुटलेलं शिंग मग पुढे कोण शोधायला जातंय? म्हणून आता तिथलं म्युझियम हा रंग काढत आलंय. मला पटतं ते, सोबतची मंडळी 'एवढ्या लांब येऊन दगडच बघायचे का' म्हणून कुरकुरली तरी.

जरा दम धरला तर दिसतं सगळं. ऊन तिरपं असलं किंवा पाऊस पडून दगड ओला झाला की रेघा उठून दिसतात. लाकडी फळ्यांची वाट केलीये, तिच्यावरूनच चालायचं. एके ठिकाणी कुंपणात रेनडिअरचा अख्खा कळप कोंडलाय, अस्वलाच्या पावलांची रांग लांबवर गेलीये. आणि सगळ्यात जुनी चित्रं सगळ्यात वर, कारण हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यावर तिथली जमीन हळूहळू वर येत गेली आणि लोक मात्र पाण्याकाठच्याच दगडावर कोरत राहिले, त्यामुळे समुद्राकडे उतरत गेलात की साधारण ७००० वर्षांपूर्वीपासून २००० वर्षांपूर्वीपर्यंत येता. रंगाच्या डब्यापेक्षा हे सांगणारा एक बोर्ड जास्त कामाचा, असं माझं मत.

आपल्या रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावरची कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, तिथेही फोटोसाठी रेघांत खडू किंवा चुना भरायचा मोह होतो, प्लीज नका करू, तिथला जांभा दगड सच्छिद्र असतो, आत गेलेलं नीट निघत नाही.

आल्टाला हिवाळ्यात जाऊ नका, चित्रं बर्फाखाली असतात. जून-जुलैत जा, सूर्य मावळतच नाही तेव्हा, आणि संध्याकाळी जितकं उशिरा आत सोडतील तितकं बरं.