मग गाय कोण सांभाळणार?

प्रिय ताई,

दक्षिण कोरियातल्या सुवॉनहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. तेरा वर्षांची लेक कोरियन विनोदी कार्यक्रमात जाड बाईची टर उडवली की खळखळून हसते. तुम्ही रागावलात की म्हणते, ‘आई, सगळेच हसतायत.’ तिचे बाबा म्हणतात, ‘हसू दे गं.’ आता रिमोट लपवू का, असं तुम्ही विचारलंय. लपवू नका, तिच्या शेजारी बसा.

सगळे एकाच कारणाने हसत नसतात, एवढं तिला कळलं तरी पुष्कळ. २०१० साली केबीएस या कोरियन वाहिनीच्या ‘गॅग कॉन्सर्ट’ या विनोदी कार्यक्रमात दोन पक्षांच्या वादाचं एक प्रहसन गाजलं. पुरुषांच्या बाजूने पार्क योंग-जिन, बायकांच्या बाजूने किम योंग-ही. बायकांनी काही मागायचा अवकाश, हा गुरकावायचा, ‘मग गाय कोण सांभाळणार, गाय?’ हे वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. माझ्या मते काहीजण त्याच्या जुनाट ताठ्याला हसत होते, तर काहीजण आपल्या मनातलं कुणीतरी बोललं म्हणून सुखावत होते. नुसत्या हशावरून हे ओळखता येत नाही.

पुढे २०१५ मध्ये जेटीबीसी या दुसऱ्या कोरियन वाहिनीवरच्या लुटुपुटूच्या लग्नाच्या कार्यक्रमात विनोदी कलाकार किम सुकने डाव उलटवला. पिढ्यान्‌पिढ्या सुनांना ऐकवलेलं ती नवऱ्याला ऐकवू लागली: पुरुषाचा आवाज कुंपणाबाहेर जाता कामा नये! बायकांनी तिला डोक्यावर घेतलं. २०२० मध्ये केबीएसचा मनोरंजनाचा सर्वोच्च पुरस्कारही तिला मिळाला. हे लेकीला जरूर दाखवा. विनोद तोच, फक्त बोलणारी बदलली.

आणखी एक करून पाहा. पडद्यावर जी रंगीत, ठळक अक्षरं उमटतात ती संकलनाच्या वेळी घातलेली असतात; कुठे हसायचं ते तीच सांगतात. एखादा प्रसंग आवाज बंद करून, खालची अक्षरं हाताने झाकून बघा. जिच्यावर विनोद चाललाय तिच्या चेहऱ्याकडे लेकीला बघू द्या. तुम्ही काही बोलू नका.

मग ती विचारेलच, ‘आपल्या घरच्या ग्रुपवर काका बायकोवरचे विनोद टाकतात, त्याचं काय?’ याचं उत्तर तिच्या बाबांनी द्यायला हवं, आणि तेही ग्रुपवर, काकांना.